गोलंदाजबुवा आणि फ्रिजवरचं पान

आज सकाळी रिसायकलिंगचा डबा बाहेर ठेवायला गेले, तर समोरच्या घरातली मुलगी बस स्टॉपकडे निघाली होती. एका हातात पारदर्शक पाऊच, दुसऱ्या हातात लेबल सोलून काढलेली पाण्याची बाटली. पेनं, पट्टी, खोडरबर सगळं बाहेरून दिसत होतं. एरवी हात करणारी ही मुलगी, आज तिला मी दिसलेच नाही. ओठ हलत होते, काहीतरी पाठ म्हणत होती. मी घड्याळात पाहिलं. आठ वाजून पाच मिनिटं. म्हणजे नऊचा पेपर. म्हणजे मे खरोखर आला.

लंडनच्या कडेला असलेल्या आमच्या स्टॅनमोरमधला मे नाकाला आधी कळतो. कुंपणांवर पांढरा फुलोरा येतो, त्याचा गोडसर, किंचित शिळा वास. मागच्या मैदानावर गवत कापायचं यंत्र फिरतं. आणि मग घरोघर शिंका सुरू होतात. परीक्षा आणि शिंका या देशाने एकाच महिन्यात का ठेवल्या आहेत, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. माझ्या हातात असतं तर दोन्हींपैकी एक पुढे ढकलली असती.

आत आले, चहा टाकला आणि कपाटातली तीन वर्षांपूर्वीची फाइल काढली. मी दर वर्षाची फाइल ठेवते. बॉयलरच्या सर्व्हिसची चिठ्ठी, दातांच्या अपॉइंटमेंट्स, सुट्टीत नेलेल्या सामानाच्या याद्या, सगळं. मिलिंद, माझा नवरा, म्हणतो की आमचं घर एखाद्या दिवशी पुरातत्त्व खात्याने ताब्यात घेतलं तर त्यांना खणावं लागणार नाही. तर त्या फाइलमध्ये एक पान आहे. वरच्या कोपऱ्यांवर मॅग्नेटचे गोल डाग आणि एका कडेला हळदीचं बोट. ते पान आत्ता टेबलावर समोर आहे.

ते इराच्या ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, वर्षीचं. इरा आमची एकुलती मुलगी. केंब्रिजने तिला इतिहासासाठी जागा देऊ केली होती, अर्थात ठरलेले ग्रेड मिळाले तरच. म्हणून ईस्टरच्या सुट्टीपासून जूनअखेरपर्यंतचं वेळापत्रक मी आखलं आणि फ्रिजवर लावलं. मी जीपीच्या सर्जरीत, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, प्रॅक्टिस मॅनेजर आहे. कुठला डॉक्टर कुठल्या दिवशी कुठे बसणार, हे ठरवण्यात माझा जन्म गेला. एका मुलीचे तीन विषय म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. इतिहास हिरवा, इकॉनॉमिक्स निळा, इंग्लिश नारिंगी. दोऱ्याला बांधलेली पेन्सिल फ्रिजलाच लटकवलेली. काम झालं की ज्याने त्याने आपापल्या ओळीत टिक करायची. इराच्या ओळी पहिल्या, मग मिलिंदची, मग माझी, आणि अगदी तळाशी, पान संपता संपता एक ओळ: आबा. फिरणे, ४ ते ५.

आबा म्हणजे माझे सासरे. नगरच्या एका शाळेत चाळीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्या मार्चच्या शेवटी ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले, बॅगेत कुळथाचं पीठ, शेवग्याच्या शेंगा आणि स्वतःचं भिंग घेऊन. त्यांना काहीतरी करायला हवं म्हणून मी ती ओळ लिहिली, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. चार ते पाच इराचा ऑनलाइन क्लास असे आणि मला घर शांत हवं होतं. आबांचा आवाज चाळीस वर्षांच्या वर्गांनी कमावलेला, तो हळू होतच नाही.

पेन्सिल पाहून त्यांना आनंद झाला होता. "म्हणजे हजेरी आहे तर," म्हणाले.

*

इराला विषय मिळाला तो उरलासुरला. इतिहासाच्या कोर्सवर्कसाठी शिक्षिकेने, मिसेस प्राइसनी, विषयांची यादी वर्गात फिरवली होती. यादी इराच्या हातात आली तेव्हा राजे, राण्या, क्रांत्या सगळं संपलेलं. शिल्लक होता एक एकोणिसाव्या शतकातला प्रशियाचा सेनापती, तोफखान्याचा. त्याचं आयुष्य आणि कारकीर्द बघायची आणि लिहायचं की प्रशियाचा तोफखाना सुधारला तो कितपत याच्यामुळे.

"मम्मी, सगळ्यात बोरिंग माणूस मला मिळाला," इरा म्हणाली. "तो कुणालाच माहीत नाही. त्याचं नाव पण कुणाला बोलता येत नाही."

हे खरं होतं. त्या नावात व्यंजनं एकमेकांच्या अंगावर चढलेली. मिलिंदने दोनदा प्रयत्न केला आणि खोकला आल्यासारखा आवाज काढून सोडून दिला. पण आबांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"तोफखाना?" आबा म्हणाले.

याला कारण होतं. आबा वाढले ते नगरच्या तोफखान्यात. तोफखाना हे तिथल्या एका भागाचं नाव. कधीकाळी तिथे तोफा असतील, आबांच्या लहानपणी नव्हत्या. पिठाची गिरणी होती, सायकलचं दुकान होतं, आणि पत्ता सांगितला की बाहेरगावचे लोक हसायचे. लहानपणी त्यांनी वडिलांना विचारलं होतं, तोफा कुठे गेल्या? वडील म्हणाले, गेल्या कुठेतरी. "त्या कुठेतरीचा शोध घेण्यात मी इतिहासाचा मास्तर झालो," असं आबा सांगत. खरं किती, देव जाणे. पण सांगत छान.

इराने शाळेच्या लायब्ररीतून तीन जाड पुस्तकं आणली होती आणि ती जिन्याच्या पायरीवर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर आबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भिंगातून पहिलं पुस्तक वाचत होते. शेजारी एक दोनशे पानी वही. प्रत्येक वाक्यासमोर समासात एक आकडा लिहीत होते.

"आकडे कसले हो, आबा?"

"पान नंबर," ते मान वर न करता म्हणाले. "पान नंबर नसेल तर ती गप्प असते, सूनबाई. इतिहास नव्हे."

सेनापतीचं नाव त्यांनाही जमलं नाही. त्यांनी त्याला सरळ गोलंदाजबुवा केलं. त्या दिवसापासून आमच्या घरात तेच चाललं. मिलिंद संध्याकाळी ट्रेनमधून उतरला की फोनवर विचारायचा, "दूध आणू का, आणि बुवा कुठवर आले?"

*

बुवा हळूहळू येत होते. गरीब धर्मोपदेशकाचा मुलगा. घोडदळात जावं तर तिथे जमीनदारांची पोरं, नक्षीच्या खोगिरांवर बसलेली. तोफखान्यात मात्र गणित येणारा माणूस लागे, मग त्याचा बाप कोण हे कुणी फार विचारत नसे. तोफखाना म्हणजे धूर, काजळी आणि भूमिती. मोठ्या घरच्या लोकांना तो जरा खालचाच वाटे. हा सोळाव्या वर्षी तिथे गेला. नकाशे काढले, परीक्षा दिल्या, बढती रखडली. एका लहानशा बंडात तर बंडखोरांच्या हातीच सापडला.

"म्हणजे तो जेलमध्ये गेली?" इराने विचारलं.

"गेला. तो गेला."

"तो गेला. आणि मग तोफ?"

"तोफ कशी? ती."

"का पण? एवढा मोठा मेटलचा तोफ, ती कशाला?"

"कारण ती ऐकत नाही कुणाचं," मिलिंद सोफ्यावरून म्हणाला, आणि मी त्याच्याकडे पाहिल्यावर पेपर वर धरला.

इराचं मराठी असंच. समजतं सगळं, पण बोलताना स्त्रीलिंग-पुल्लिंग एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. तोपर्यंत आबांशी तिचं बोलणं म्हणजे व्हिडिओ कॉलवरचं "आबा, तुम्ही जेवला? मी पण जेवली," एवढंच. आता ती दोघं टेबलाशी तासभर बसू लागली. मीठदाणी म्हणजे प्रशियाचा राजा, मिरपूड म्हणजे ऑस्ट्रिया, आणि मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या म्हणजे तोफा. पोळ्या करताना मला हळद मागावी लागे आणि ती रणांगणावर असे.

एप्रिलमधली संध्याकाळ इथे लांबत जाते. सात वाजले तरी खिडकीतून उजेड येतो, पिवळा, पातळ, ताकावरच्या पाण्यासारखा. त्या उजेडात, गरम तव्याच्या वासात, मी पाठमोरी उभी राहून युरोपातल्या लढाया ऐकल्या. मला लढायांत रस नाही. पण एका गोष्टीने माझं लाटणं थांबलं.

ऑस्ट्रियाशी लढाई झाली तेव्हा प्रशिया जिंकला, पण तोफांमुळे नाही. तोफ शत्रूच्या हाती लागणं म्हणजे तेव्हा झेंडा गमावण्यासारखी नामुष्की. म्हणून तोफा जपायच्या, फौजेच्या शेपटाला ठेवायच्या. पुढे पायदळ, घोडदळ, सामानाच्या गाड्या, आणि सगळ्यांच्या मागे तोफा. रस्ते भरलेले, चिखल झालेला. तोफा पोचेपर्यंत दिवस निम्मा सरलेला.

"जिंकल्यावर सगळे नाचत होते," आबा म्हणाले. "आणि हा एकटा बसून काय काय चुकलं त्याची यादी करत होता."

तेव्हा मला तो माणूस आवडला.

यादीतून त्याने काढलं ते असं. तोफा चांगल्या हव्यात, हे खरं. नेम धरायला शिकवणारी शाळा हवी, हेही खरं. पण आधी चालायचा क्रम बदला. जे मागे ठेवाल ते उशिरा पोचेल. तोफा पुढे घ्या. आणि एखादी गेली शत्रूच्या हाती तर जाऊ द्या. शेवटचा गोळा उडवून गेली असेल तर ती नामुष्की नाही. पुढे फ्रान्सशी लढाई झाली तेव्हा तोफा पुढे होत्या, आणि त्यांनीच निकाल लावला. त्यानंतर बुवा फार जगले नाहीत. काम झालं आणि गेले.

"सूनबाई, पोळी करपली," आबा म्हणाले.

*

इराने कोर्सवर्क दिलं. खुशीत मीच हिरव्या ओळीत दोन टिका केल्या. पुढच्या गुरुवारी सर्जरीत लशींची ऑर्डर तपासत असताना मिसेस प्राइसची ईमेल आली.

ईमेल सौम्य होती, म्हणून जास्त लागली. इराच्या लेखनात काही वाक्यं विचित्र आहेत. दुसऱ्या भाषेतून यंत्राने भाषांतर केल्यासारखी. हे काम तिचं स्वतःचं आहे अशी सही शिक्षिका म्हणून मला करावी लागते, आणि आत्ता ती मी करू शकत नाही. येत्या गुरुवारी भेटूया का?

खाली तिने वाक्यं दिली होती. "गोलंदाज बहुतेक मध्यमवर्गातून येत, कारण त्यांना गणित यावं लागे." इथपर्यंत ठीक. पण इंग्रजीत गोलंदाजाच्या जागी होतं बोलर, क्रिकेटमधला. प्रशियाचा राजा बोलरांवर विश्वास ठेवत नसे. बोलर सैन्याच्या मागे ठेवले जात. आणि चौथं वाक्य, जे वाचून मला वॉशरूममध्ये जाऊन दार लावावं लागलं: पावसामुळे बोलर वेळेवर पोचले नाहीत.

हसले, आणि हसता हसताच हिशोब सुरू झाला. सही नाही म्हणजे कोर्सवर्क शून्य. कोर्सवर्क शून्य म्हणजे केंब्रिज नाही, आणि दुसरं कुठलं कॉलेज तरी तिला कशाला घेईल?

घरी आल्यावर इराने सांगितलं. "आबा जे बोलला ते मी फोनवर रेकॉर्ड केलं. मग ॲपमध्ये टाकलं, इंग्लिश होतं ते. त्याच्यावरून मी लिहिलं. मला वाटलं नोट्स आहेत." तिने फोन माझ्यासमोर ठेवला. "मम्मी, मी चीटिंग नाही केली. मला माहीत पण नाही ते चीटिंग आहे का."

मराठीत गोलंदाज आधी तोफेमागे उभा होता. क्रिकेट आलं तसा तोच शब्द चेंडू घेऊन धावू लागला. ॲपला काय माहीत, आबा कुठल्या शतकात बोलत होते? आबांना तर बोलर मनातही आला नसेल. तोफखान्यात वाढलेल्या माणसाला गोलंदाज म्हणजे गोलंदाजच.

मी त्या संध्याकाळी काय केलं, ते लिहायला हवं. मी यादी केली. गुरुवारी काय बोलायचं, आठ मुद्दे. मग आबांच्या खोलीत गेले. ते वहीत लिहीत होते.

"आबा," मी म्हटलं, "आता इराला एकटीलाच काम करू द्या. तुम्ही तिला काही सांगू नका. तुमच्या मराठीमुळे घोळ झालाय सगळा."

सर्जरीत पेशंटला सांगतात त्या आवाजात म्हटलं मी. चढवला नाही, म्हणूनच तो वाईट होता. आबांनी वही मिटली, भिंग तिच्यावर ठेवलं. "बरं," एवढंच म्हणाले. आवाज हळू होता. त्यांचा आवाज हळू होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचे सहा दिवस टेबलावर मीठदाणी नुसती मीठदाणी होती. आबा जेवायला येत, ताट उचलून सिंकमध्ये ठेवत, खोलीत जात. बाहेर पहिले गुलाब उघडत होते. इरा दार लावून बसे. मी निळ्या आणि नारिंगी ओळी तपासत असे. घर माझ्या मनासारखं शांत झालं होतं.

*

गुरुवारी साडेतीनला निघायचं होतं. मी फोल्डर घेऊन खाली आले, तर आबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले. कोट, मफलर, पायात बूट, मांडीवर वही.

"आबा, तुम्ही कुठे?"

"मी येतो. लागलो तर लागलो. नाहीतर गाडीत बसेन."

"अहो, नको. तिथे सगळं फॉर्मल असतं. तुम्ही घरीच थांबा, मी आल्यावर सांगते काय झालं ते."

ते उठले. वाद घालणारा माणूस नाही तो. जिना चढायला वळले, आणि वरून इरा उतरत होती. तिने आधी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मम्मी, आबा मागे नको," ती म्हणाली. "तोफ पुढे."

"ती तोफ," आबा सवयीने म्हणाले.

"मी ती म्हटलंच नाही. मी तो पण नाही म्हटलं. नुसतं तोफ पुढे."

"मग बरोबर आहे," आबा म्हणाले.

मी गाडीचं पुढचं दार उघडलं. आबा पुढे बसले, इरा मागे, आणि माझे आठ मुद्दे इराच्या शेजारी.

मिसेस प्राइसच्या वर्गात खडू नव्हता तरी आबांनी आत शिरताच नाकाने श्वास घेतला. कुठल्याही शाळेला तोच वास असतो म्हणाले नंतर: डस्टर, डबे आणि भीती. पुढचं सगळं इंग्रजीत झालं. मी फोल्डर उघडलं, पण बोलले ते आबा. उभे राहून, जुन्या मास्तरी इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत.

"मॅडम, शब्द माझा आहे. चूक यंत्राची आहे. पण तपासलं नाही, ती माझ्या नातीची."

इराने मान खाली घातली. मलाही बरं वाटलं नाही. पण मिसेस प्राइस पहिल्यांदा हसली. "तुम्ही शिक्षक होता?"

"चाळीस वर्षं. इतिहास."

"मग तुम्हाला माहीत आहे मी पुढे काय विचारणार."

"पुरावा," म्हणत आबांनी वही तिच्यासमोर ठेवली. तिला अक्षरही वाचता येत नव्हतं. पण समासातले आकडे आबांनी इंग्रजीत लिहिले होते, आणि त्या तीन पुस्तकांच्या तिच्या स्वतःच्या प्रती शेल्फवर होत्याच. तिने मधलंच एक वाक्य बोटाने दाखवलं. इराने ते वाचलं. अडखळत, अक्षराला अक्षर जोडत, आबांच्या हातचं मोडीसारखं तिरकं देवनागरी अक्षर. मग इंग्रजीत सांगितलं. मिसेस प्राइसनी पुस्तक काढलं, पान उघडलं. होतं तिथे.

"आता वही मिट," ती इराला म्हणाली. "आणि मला सांग, तोफा उशिरा का पोचल्या?"

इराने टेबलावरचा स्टेपलर घेतला, डस्टर घेतलं, माझ्या फोल्डरमधले क्लिप घेतले. राजा, रस्ता, चिखल. दहा मिनिटं बोलत होती. एकदाही बोलर म्हणाली नाही. माझे आठ मुद्दे तसेच राहिले. क्लिप काढल्यामुळे पानं सुटी झाली होती आणि एक खाली पडलं होतं. मी ते उचललं नाही.

सुटका झाली नाही. मिसेस प्राइस तशी कडक. एक आठवडा देते, म्हणाली, कागद अजून बोर्डाकडे गेलेले नाहीत. ॲपवरचं वाक्य एकही नको. प्रत्येक विधानाला पान नंबर. आणि ही वही वापरलीस तर ती वापरली असं लिही. मग सही करेन.

दाराशी तिने विचारलं, "म्हणजे तुमच्या भाषेत बोलर आणि तोफ डागणारा एकच?"

"दोघांचा नेम चुकला तर हसतात लोक," आबा म्हणाले.

*

त्या आठवड्यात हळद परत रणांगणावर गेली. आबा वाचत, इरा त्यांच्या वहीवरून बोट फिरवत, चुकत, परत वाचत. "हा ळ आहे का आबा? हा ळ असा झोपलेला का?" नव्याने लिहिलेलं कोर्सवर्क छापून झालं तेव्हा इराने मला तपासायला दिलं, आणि मी सवयीने शेवटचं पान आधी उघडलं. संदर्भांची यादी. यादी म्हटली की मला आधी क्रम दिसतो. आडनावाच्या वर्णक्रमाने लावायची पद्धत, आणि आमचं आडनाव अकोलकर. तीन जाड पुस्तकांच्या, सगळ्या जर्मन आणि इंग्रज पंडितांच्या वर, पहिल्याच ओळीत: अकोलकर, डी., हस्तलिखित टिपणं, मराठी. पुढे कंसात: भाषांतर लेखिकेचं.

मी आबांना कुठे ठेवलं होतं, ते फ्रिजवर दिसतच होतं. इथे त्यांना पहिलं कुणी ठेवलं नव्हतं, वर्णमालेनेच आणून बसवलं होतं.

मिसेस प्राइसनी सही केली. परीक्षा झाल्या. आबा जूनअखेर नगरला परत गेले. ऑगस्टमध्ये निकाल लागला. इतिहासात इराला सगळ्यात वरचा ग्रेड, इकॉनॉमिक्समध्ये मात्र एका ग्रेडने कमी. केंब्रिज गेलं. मी इतकी वर्षं याद्या करते, पण त्या सकाळी पुढे काय करायचं याची मला एकही सुचली नाही. इराने नगरला फोन लावला. स्पीकरवर.

"आबा, केंब्रिज गेली."

आबांनी लिंग दुरुस्त केलं नाही. म्हणाले, "शेवटचा गोळा उडवून गेली ना?"

"हो."

"मग झालं तर. दुसरी तोफ कुठे आहे?"

दुसरी लेस्टरला होती. तिथल्या युनिव्हर्सिटीने सही असलेलं कोर्सवर्क आणि इतिहासाचा ग्रेड बघून तिला घेतलं. या महिन्यात तिचं शेवटचं वर्ष संपतंय. तिथल्या भारतीय वस्तीतल्या, बेलग्रेव्ह रोडवरच्या आज्यांच्या तोंडी मुलाखती घेऊन तिने प्रबंध लिहिलाय, कोण कुठून आलं, बरोबर काय आणलं. मुलाखती गुजरातीत, हिंदीत, काही मराठीत. भाषांतर सगळं स्वतःचं. रविवारी आबांना वाचून दाखवते. ते मधेच थांबवून विचारतात, "हे कोण म्हणालं? किती वाजता? टेपवर आहे?"

*

हे लिहिता लिहिता त्या पानाकडे पाहत होते. पेन्सिल पुसट झाली आहे, म्हणून खिडकीपाशी नेलं. हिरव्या ओळी, निळ्या ओळी. तळाशी आबांची. त्या ओळीकडे मी तेव्हा कधी नीट पाहिलंच नव्हतं. चालणं काय तपासायचं? रोज एक टिक, मास्तरी, ठसठशीत. पाऊस असला तरी. टेबलावर लढाई रंगात आली असली तरी चार वाजता उठून गेलेले दिसतात.

आणि त्या सहा दिवसांना, ईमेलनंतरच्या शुक्रवारपासून भेटीच्या गुरुवारच्या आदल्या दिवसापर्यंत, प्रत्येक चौकोनात दोन टिका.

मी सहाही चौकोन मोजले. मग परत मोजले. मग नगरला फोन लावला. तिथे दुपार सरलेली, आबांचा चहा व्हायचा असतो.

"आबा, तीन वर्षांपूर्वी, इराच्या त्या घोळाच्या वेळी, तुम्ही दिवसातून दोनदा फिरायला जात होता?"

"हो. जायचो."

"का हो?"

"मैदानावर सराव चालायचा ना सकाळचा. बाकावर बसायचो. तुमच्याकडचे गोलंदाज फार लांबून पळत येतात. टाकतात मात्र आखूड."

मी हसले नाही. त्यांच्याकडे पंखा चालू होता, माझ्याकडे मैदानावरचं गवताचं यंत्र.

"आबा, माझं चुकलं होतं तेव्हा."

"कुठल्या पानावर?"

"फ्रिजवरच्या."

"आहे अजून ते?"

"आहे. समोर आहे. तुमची ओळ खोडून वर घेते."

"छे, छे," आबा म्हणाले, आणि आवाज होता तसाच, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "पुरावा खोडायचा नसतो, सूनबाई."